फरशी रेघ सोडून तुटते : छिन्नी-हातोड्याच्या कामातला नेहमीचा घोळ

गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून रेघ आखली, छिन्नी रेघेवर धरली, ठोके घातले, आणि फरशी तुटली ती भलतीकडेच. निम्म्यापर्यंत चीर शहाण्यासारखी रेघेवरून गेली, मग अचानक वळली आणि कोपरा घेऊन बाहेर पडली. दुसरी फरशी घेतली, पुन्हा तेच. तिसरीला चिडून जोर लावला तर तिचे तीन तुकडे. हाताने फरसबंदी करणाऱ्या प्रत्येकावर हा दिवस येतो आणि त्या दिवशी सगळ्यांचं एकच मत होतं: दगडच खराब आलाय.

कधी कधी तो खरंच खराब असतो. पण बहुतेक वेळा दोष दोन ठिकाणी सापडतो: फरशीच्या खाली, नाहीतर रेघेच्या दोन बाजूंच्या मापात. हातोड्याच्या जोराचा नंबर त्यानंतर लागतो, आणि तोही बहुधा जोर जास्त झाला म्हणून. मी स्वतः बरीच वर्षं उलट्या क्रमाने तपासायचो. म्हणजे आधी मोठा हातोडा शोधायचो आणि तुकड्यांचा ढीग वाढवायचो. खालचा क्रम त्या ढिगाने शिकवलेला आहे.

बोलतोय ते २५ ते ५० मिलिमीटर जाडीच्या दगडी फरश्यांबद्दल, आणि शेवटाकडे थोडं ठोकळ्यांबद्दल. वीज आणि चकती बाजूला ठेवून. लागणारी हत्यारं फार नाहीत: ५० ते ७५ मिलिमीटर धारेची रुंद छिन्नी, २० मिलिमीटरच्या आसपासची अरुंद छिन्नी, एक टोकदार छिन्नी, कडा उडवायला जाड आणि जवळजवळ बोथट तोंडाची छिन्नी, एक ते दीड किलोचा हातोडा, गुण्या, सरळ पट्टी, आखायला टोकदार खिळा, आणि भरपूर कोरडी वाळू. यात सगळ्यात महत्त्वाचं काय विचाराल तर वाळू.

फरशी तुटते म्हणजे काय होतं

करवत लाकूड कापते तशी छिन्नी दगड कापत नाही. ती फक्त एक कमकुवत वाट आखून देते, पुढे दगड त्या वाटेने आपणहून फाटतो. निदान फाटावा अशी आपली इच्छा असते. दाबाखाली दगड भारी टणक: चांगला ग्रॅनाइट दर चौरस मिलिमीटरला १०० ते २०० न्यूटन दाब सहज झेलतो. पण त्यालाच ताण दिला की साधारण दहाव्या हिश्श्यातच तो हात टेकतो. म्हणून हातोड्याने दगड चेचायचा नसतो, त्याला रेघेवर ताण बसेल असं काहीतरी करायचं असतं.

आणि तो ताण कुठे एकवटतो? जिथे आधीच चीर आहे तिथे. १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने काचेवर प्रयोग करून हे मांडलं. ठिसूळ वस्तू किती भार घेईल हे तिच्या अंगच्या ताकदीपेक्षा तिच्यातल्या चिरांवर ठरतं, कारण चिरेच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. काच कापणारा हिऱ्याने एक रेघोटी ओढतो आणि काच बोटाने मोडतो, ती हीच गोष्ट. आपण छिन्नीने पाडतो ती खाच म्हणजे मुद्दाम तयार केलेली चीर. ती सलग आणि सारख्या खोलीची असेल तर दगड तिचं ऐकतो. मध्ये दोन बोटं जागा कोरी राहिली, तर तिथे पोहोचल्यावर त्याला त्याच्या अंगातली दुसरी एखादी चीर जवळची वाटते.

पहिली तपासणी: दगड मुळात सलग आहे का

फरशी एका कडेवर उभी करा, वरची कड दोन बोटांनी सैल धरा आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने मध्यावर हलकेच ठोका. सलग दगड खणखणतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो, फुटक्या माठासारखा. दोन-तीन ठिकाणी ठोकून बघा, कारण कोपऱ्यातला तडा मध्यावरच्या ठोक्याला कधी कधी दाद देत नाही.

आवाजाने शंका आली तर ओलं फडकं फिरवा आणि फरशी वाळू द्या. सगळा पृष्ठभाग वाळला तरी तड्याची केसभर रेघ ओलसर, काळपट राहते. पाणी तिथे आत शिरलेलं असतं, ते सगळ्यात शेवटी सुकतं. त्या रेघेवर खडू फिरवून ठेवा. मग कापायची रेघ तिच्यापासून लांब घ्या, नाहीतर त्या तड्यालाच कापाची रेघ बनवा. तड्याला आडवी रेघ घेऊन ती सरळ तुटेल अशी आशा मात्र करू नका.

यात हरण्याची लाज वाटायचं कारण नाही. इजिप्तमध्ये अस्वानच्या खाणीत एक ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा उंच निमुळता स्तंभ, अर्धवट सोडलेला पडून आहे, सुमारे ४२ मीटर लांब, पूर्ण झाला असता तर हजार टनांच्या वर गेला असता. डोलेराइट या टणक काळ्या दगडाचे गोटे हातात धरून ग्रॅनाइट ठेचत ठेचत त्या लोकांनी त्याच्या तीन बाजू मोकळ्या केल्या आणि मग दगडात तडे निघाले. तिथेच काम थांबलं. आपली तर एक फरशीच जाते.

दुसरी तपासणी: बैठक

माझ्या मते निम्मे घोळ इथेच मिटतात. फरशी सिमेंटच्या कोब्यावर, विटांवर किंवा दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून तोडायला घेतली की ती प्रत्यक्षात तीन-चार उंचवट्यांवरच टेकलेली असते. घाव बसला की दगड त्या उंचवट्यांभोवती वाकतो आणि चीर एका उंचवट्याकडून दुसऱ्याकडे धावते. रेघ तिच्या वाटेत आली तर आली.

फरशीहून चारी बाजूंनी वीतभर मोठा वाफा करा, त्यात ४०-५० मिलिमीटर कोरडी बारीक वाळू पसरा, पट्टीने सारखी करा. फरशी ठेवा, दोन्ही हातांनी दाबून थोडी घासल्यासारखी फिरवा, मग उचलून खालचा ठसा बघा. वाळू जिथे चकचकीत दाबली गेली आहे तिथे फरशी टेकते, जिथे भुसभुशीत राहिली तिथे पोकळी आहे. पोकळीत मूठभर वाळू टाकून पुन्हा तेच. फरशीची पाठ ओबडधोबड असेल तर हे दोन-तीनदा करावं लागतं आणि कंटाळा येतो. याच कंटाळ्यात फरश्या जातात. उचलायला जड असेल तर गोणपाटाच्या पोत्यात सैल वाळू भरून त्यावर फरशी ठेवा, पोतं तिच्या पाठीचा आकार आपोआप घेतं.

ओली वाळू नको. ती घट्ट बसते आणि ठोक्याखाली दबत नाही, मग कोब्यावर ठेवल्यासारखंच होतं.

तिसरी तपासणी: रेघेच्या दोन बाजू किती किती

एकाने मोठ्या चिकाटीने खाच पाडलेली फरशी मला दाखवली होती. खाच अगदी सुरेख, बैठक उत्तम, आणि तरी चीर बाहेर गेलेली. कारण ६०० मिलिमीटरच्या फरशीतून त्याला ३० मिलिमीटरची पट्टी काढायची होती आणि फरशीच ४० जाड होती.

चीर नेहमी हलक्या बाजूकडे झुकते. दोन्हीकडे सारखा दगड असेल तर दोन्ही बाजू सारख्याच वाकतात आणि चीर मधोमध सरळ खाली उतरते. एक बाजू अरुंद असली की ती बाजू जास्त वाकते, ताणाची दिशा तिकडे कलते आणि चीर तिकडून बाहेर पडते. म्हणून जाड दगड फोडणारे आधी निम्म्यातून फोडतात, मग त्या निम्म्याचे निम्मे करतात.

फरशीसाठी मी वापरतो तो अंदाज असा: काढायची पट्टी जाडीच्या तिपटीहून रुंद असेल तर सरळ खाच पाडून तोडायला घ्या. तिपटीहून कमी आणि जाडीहून जास्त असेल तर खाच दोन्ही तोंडांवर नेहमीपेक्षा खोल हवी आणि घाई अजिबात नको. जाडीइतकी किंवा त्याहून अरुंद असेल तर तोडायचा विचारच सोडा, ती कडेने टवके काढत खायची. जाड बोथट छिन्नी रेघेवर ठेवा, बाहेरच्या बाजूला जरा कललेली, आणि एक जोरदार ठोका. टवका बाहेर उडतो आणि रेघेवर कड राहते. पुढे दोन बोटं सरकायचं, पुन्हा एक ठोका. वरून निम्म्या जाडीपर्यंत, मग फरशी उलटून पाठीकडून उरलेली निम्मी. इथे धारदार छिन्नी चालत नाही, ती दगडात रुतते आणि टवका आतल्या बाजूने निघतो.

खाच, आणि शेवटचा ठोका कुठून

रेघ फक्त वरच्या तोंडावर आखून भागत नाही. गुण्या कडेवर उतरवा, रेघ कडेवरून खाली घ्या, पाठीवर ओढा, दुसऱ्या कडेवरून वर येऊन पहिल्या रेघेला मिळवा. ती जुळली नाही तर आखणी चुकली, तिथेच दुरुस्त करा. ज्यांचा काप वरून सरळ आणि खालून दोन बोटं तिरका येतो त्यांनी पाठीवरची रेघ बहुधा डोळ्यांनीच आखलेली असते. खडूची रेघ पहिल्या फेरीतच उडून जाते. खिळ्याने कोरलेली रेघ टिकते आणि छिन्नीची धार तिच्यात आपोआप बसते.

मग रुंद छिन्नी उभी, अगदी काटकोनात. पहिली फेरी इतकी हलकी की हातोडा स्वतःच्या वजनानेच पडतोय असं वाटावं. छिन्नी दर ठोक्याला धारेच्या निम्म्याने पुढे सरकवायची, म्हणजे प्रत्येक घाव मागच्या घावावर निम्मा चढतो आणि कोरी जागा उरत नाही. पहिल्या फेरीत फक्त पांढुरकी रेघ उमटते. दुसरीत बोटाला खाच लागते. मधून मधून फुंकणीने किंवा ब्रशने भुकटी काढत राहा. खाचेत भुकटी साचली की छिन्नी तिच्यावरच आपटते आणि ठोका वाया जातो. ३० ते ४० मिलिमीटरच्या फरशीला तीन-चार फेऱ्यांत ३ ते ५ मिलिमीटर खोल खाच झाली की पुरे. कडांवर अरुंद छिन्नीने खाच चालू ठेवा. कडेवरची खाच गाळणारे पुष्कळ आहेत, आणि कोपरे उडण्याचं ते एक मोठं कारण आहे.

पाठीवरही एक-दोन फेऱ्या मारून घ्या. आता तोडायची वेळ. फरशीचं चांगलं तोंड, म्हणजे खोल खाच असलेलं, *खाली* वाळूवर. ठोके पाठीवरच्या रेघेवर. नवख्यांना हे उलटं वाटतं. वाळूवरच्या फरशीला वरून घाव बसला की ती खालच्या अंगाला ताणली जाते, वरच्या अंगाला दाबली जाते. खाच खाली असेल तर ती उघडायला बघते. वर असेल तर तुम्ही ती बंद करत असता. फरशीच तोडणाऱ्याच्या विरोधात उभी राहते आणि माणूस जोर वाढवतो.

कडेवर ठेवून मोडायची पद्धत याच्या बरोबर उलट आहे. जाड फळीच्या धारेवर रेघ आणून पुढचा भाग मोकळा ठेवला आणि त्यावर भार दिला, तर ताण वरच्या अंगाला बसतो. तिथे खाच वरच हवी. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त एकीची खाच दुसरीत नेऊ नका.

शेवटच्या फेरीला कान द्या. ठोका मध्यम, लय तीच, छिन्नी एका टोकाकडून मध्यापर्यंत, मग दुसऱ्या टोकाकडून मध्यापर्यंत. टण्, टण्, टण्... आणि एखाद्या ठोक्याला आवाज उतरतो. टणटणीत सूर जाऊन बद्द ‘ठक्’ येतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण चीर आरपार गेलेली असते. इथे थांबायचं. फरशी हलवून बघा, दोन तुकडे वाळूत नुसते एकमेकांना टेकून उभे असतात. यानंतर मारलेला प्रत्येक ठोका मोकळ्या झालेल्या कडांवर बसतो आणि टवके काढतो. चांगली तुटलेली फरशी शेवटच्या दोन ठोक्यांत नासवायचा मान मला अनेकदा मिळाला आहे.

कोपराच उडतो

रेघ संपते तिथे दगडाला पुढे आधार नसतो. बाहेरच्या दिशेने सरकत शेवटपर्यंत त्याच जोराने मारत गेलं की अखेरच्या २०-३० मिलिमीटरमध्ये कोपऱ्याचा त्रिकोण निघून जातो. म्हणून दोन्ही टोकांना आधी खाच पाडून ठेवायची आणि काम नेहमी टोकाकडून मध्याकडे न्यायचं. टोकाशी ठोका निम्म्या जोराचा. छिन्नीची धार कडेच्या बाहेर डोकावत असेल तर अरुंद छिन्नी घ्या. रुंद छिन्नीची निम्मी धार हवेत आणि निम्मी दगडावर असली की सगळा घाव अगदी कडेवर एकवटतो.

एवढं करूनही टवका गेला आणि तो सापडला, तर जपून ठेवा. इपॉक्सीने चिकटवलेला टवका, वर त्याच दगडाची भुकटी चोळली की, उभ्या माणसाच्या नजरेला सापडत नाही. ही पळवाट आहे, मान्य. पण ती सगळेच वापरतात.

आतला कोपरा आणि वळण

खांबाभोवती किंवा झाकणाभोवती फरशी बसवताना ‘एल’सारखा काप लागतो, आणि चीर हमखास आतल्या कोपऱ्यातून फरशीत घुसते. कारण वर सांगितलंच: अणकुचीदार कोपऱ्याशी ताण एकवटतो. उपाय म्हणजे तो कोपरा अणकुचीदार ठेवायचाच नाही. टोकदार छिन्नीने तिथे हलके ठोके मारत, छिन्नी फिरवत फिरवत, आधी एक गोल भोक आरपार पाडा. निम्मं वरून, निम्मं पाठीकडून. एकाच बाजूने पाडलंत तर पलीकडे बशीएवढा टवका निघेल. भोक झालं की कडेपासून भोकापर्यंत दोन्ही रेघांवर खाच, आणि मधला तुकडा एकदम न काढता पट्ट्यापट्ट्यांनी, कडेपासून आत. कोपरा नंतर अरुंद छिन्नीने चौकोनी करून घ्या. मी तो किंचित गोलसरच सोडतो, पुढे फरशीवर भार आला की तिथून तडकत नाही.

वळणाला तर तोडणं हा शब्दच सोडून द्या. वळणाच्या बाहेर सरळ कापांनी जमेल तेवढा दगड आधी काढायचा, उरलेला बोथट छिन्नीने टवक्या-टवक्यांनी. जितकं वळण आखूड, तितके टवके लहान. घाईने एक मोठा टवका काढायला जाणाराच दुसरी फरशी आणायला जातो.

दगड बदलला की सवय बदला

घट्ट चुनखडीच्या फरश्या या कामाला सगळ्यात समजूतदार. त्यातल्या कॅल्साइट या खनिजाचा कठीणपणा मोह्सच्या १ ते १० च्या मापावर ३, छिन्नी सहज बसते. फक्त पांढऱ्या शिरा बघून घ्या. काही शिरा दगडाइतक्याच पक्क्या असतात, काहींवरून दगड पापडासारखा सुटतो. संगमरवरावर टोकदार छिन्नी काटकोनात जोराने मारू नका. आतले कण चेचून पांढरा डाग पडतो आणि तो घासूनही लवकर जात नाही.

वालुकाश्म थरांचा. फरशी मुळात त्याच थरांतून सुटलेली असते, म्हणून आडवा काप नीट येतो, पण कड घडवताना पदर सुटतात. कडेवर बाहेरून किंवा खालून वर कधी मारू नये. नेहमी वरच्या तोंडाकडून मध्याकडे, मग उलटून पाठीकडून मध्याकडे. आणि भिजलेला वालुकाश्म वाळू द्या. पुष्कळ वालुकाश्म पाणी प्यायल्यावर बरेच नरम पडतात, खाचेच्या कडा भुरभुरतात आणि चीर कुठेही जाते. पाटीच्या दगडात हे पदर सुटणं आणखी वाईट: तिथे ठोके हलके, फेऱ्या दुप्पट, आणि दोन्ही तोंडांवर सारखीच खोल खाच.

ग्रॅनाइटला थर दिसत नाहीत, पण त्याचीही एक कूस असते. एका दिशेत तो सहज फुटतो, तिच्या काटकोनात जरा कष्टाने आणि तिसरीत हट्टाने. एक टाकाऊ तुकडा आधी फोडून बघितला की कुठली दिशा कुठली ते कळतं. ग्रॅनाइटची जाड लादी किंवा मोठा ठोकळा फोडायला खाचेपेक्षा पाचरी बऱ्या: रेघेवर १०० ते १५० मिलिमीटरवर भोकं, प्रत्येकात दोन अर्धगोल पाकळ्या, त्यांच्यामध्ये पाचर. पाकळ्यांची तोंडं रेघेच्या दोन बाजूंना वळलेली हवीत, एक जरी फिरली तरी चीर तिथे फाटा घेते. सगळ्या पाचरींवर आळीपाळीने एकेक ठोका घाला. दर फेरीला सूर चढत जातो. सूर पुरेसा चढला की हातोडा खाली ठेवून पाच मिनिटं थांबा. अनेकदा दगड त्या शांततेतच ‘करकर’ करून उघडतो. न थांबता मारत राहिलं तर एकाच पाचरीपाशी टवका उडतो.

बेसॉल्टच्या ठोकळ्यांना छिन्नीची गरजच कमी. बारीक कणांचा, सलग दगड. ठोकळा वाळूत निम्मा रुतवून, धारदार कडेच्या जड हातोड्याने रेघेवर चारी बाजूंनी एकेक हलका ठोका, मग मध्यावर एक नेमका. एकच. दुसरा मारावा लागला तर पहिल्यात काहीतरी चुकलं आहे.

सगळं बरोबर, तरी खाच बसत नाही

मग छिन्नी बघा. धार अंगठ्याने नको, उजेडात धरून बघा: धारेवर चकाकणारी रेघ दिसली तर ती बोथट आहे. बोथट छिन्नी खाच पाडत नाही, दगड चेचते, आणि चेचलेल्या पट्ट्यातून चीर कुठूनही फुटू शकते. क्वार्ट्झचा कठीणपणा ७, म्हणजे ग्रॅनाइट आणि वालुकाश्म पोलादाची धार बघता बघता खातात.

धार पुन्हा पुन्हा मुडपत असेल तर पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कठीणपणा, उतरलंय. धार कपचा होऊन तुटत असेल तर पाणी जास्त झालंय. साध्या कार्बन पोलादाच्या छिन्नीला पाणी घरच्या भट्टीतही देता येतं: टोक तापवून लाल करा. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की तापमान ७७० अंशांच्या आसपास गेलं, त्याहून किंचित वर नेऊन टोकाचे २-३ सेंटिमीटर पाण्यात बुडवा. लगेच बाहेर काढून दगडावर घासून टोक चकचकीत करा आणि रंग बघत राहा. मागच्या गरम भागातून उष्णता पुढे सरकते, तसा पोलादावर आधी फिका पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग धावतो. दगडाच्या छिन्नीला मी तपकिरीपुढे जांभळा दिसायला लागला की पूर्ण बुडवतो. निळ्यापर्यंत गेलं की धार मऊ राहते. धार लावताना ग्राइंडरवर टोक निळं झालं तरी तेच नुकसान होतं, म्हणून दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत राहायचं.

कारागीर ज्याला ‘विडिया’ म्हणतात त्या टंगस्टन कार्बाइडच्या टोकाला यातलं काहीच लागू नाही. (विडिया हे मुळात जर्मनीतल्या क्रुप कंपनीचं १९२६ सालचं व्यापारी नाव, ‘हिऱ्यासारखं’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून आलेलं.) ते टोक खूप टिकतं, पण ठिसूळ असतं. वाकड्या ठोक्याने तुटतं, आणि तापवून एकदम पाण्यात घातलं तर तडकतं.

छिन्नीचं डोकं ठोके खाऊन छत्रीसारखं पसरलं असेल तर त्या पाकळ्या घासून काढा. त्यातली एक पाकळी सुटली की गोळीसारखी जाते. गॉगल हवाच, हलक्या पहिल्या फेरीलासुद्धा. दगडाची कपची डोळ्यात जायला मोठा ठोका लागत नाही. धुळीचं म्हणाल तर छिन्नीची धूळ चकतीच्या मानाने खूप कमी, पण ग्रॅनाइट आणि वालुकाश्माच्या धुळीत क्वार्ट्झ असतं. त्याच्या बारीक कणांनी सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, आणि १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणारी अशी धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. खाच फुंकून साफ करायची सवय असेल तर तोंडाने नको, फुंकणीने करा, आणि मास्क लावून. वाळूही शेवटी क्वार्ट्झच असते, वाफा झाडताना हे विसरू नका.

तरीही वाकडी तुटली तर

तुकडे लगेच ढिगात टाकू नका, तुटलेलं अंग उजेडात धरून बघा. ताज्या तुटलेल्या दगडाचा रंग आतून स्वच्छ असतो. कुठे तपकिरी, गंजासारखा किंवा मातकट पट्टा दिसला, तर तो तडा तुमच्या हातोड्याच्या आधीचा आहे. पाणी आणि गंज आत शिरायला वेळ लागलेला असतो, एका दुपारीत ते होत नाही. अशी फरशी खुशाल परत करायची, आणि त्याच लॉटमधल्या बाकीच्या ओल्या फडक्याने तपासायच्या.

पूर्ण अंग स्वच्छ असेल तर चीर खाच सोडून कुठे वळली ती जागा शोधा, आणि तिथली खाच बोटाने चाचपून बघा. उथळ लागली तर फेरी चुकली. खोलीला सारखीच असेल तर तुकडा पुन्हा वाळूतल्या त्याच्या ठशावर ठेवा. बहुतेक वेळा वळणाच्या बरोबर खाली वाळू भुसभुशीत सापडते.